विधवा-निधीचे गणित

ज्ञातिसंस्था म्हटली की तिच्या वार्षिक अहवालात सहायक निधीचे एक पान असावयाचेच. एखाद्या बंधूचे अकाली निधन झाले तर त्याच्या पत्नीस व मुलांस आधार मिळावा, हा त्यामागील हेतू. परंतु मोठ्या उत्साहाने सुरू होऊन दहा-पंधरा वर्षांत रिते झालेले असे निधीही आमच्या पाहण्यात आहेत. चालकांच्या सचोटीविषयी कोणास शंका नव्हती. उणीव होती ती हिशेबाची. वर्गणी किती घ्यावी आणि साहाय्य किती द्यावे, हे गणित मांडून कोणी ठरविलेच नव्हते. हे गणित ज्यांनी प्रथम मांडले, त्यांचा इतिहास सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

लंडन शहरात मर्सर्स कंपनी ही कापडव्यापाऱ्यांची जुनी व धनाढ्य संस्था. तिने १६९९ साली विधवांसाठी एक योजना काढली. पतीने शंभर पौंड भरावे आणि त्याच्या पश्चात पत्नीस दरसाल तीस पौंड वर्षासन आजन्म मिळावे, असा करार होता. या तीस पौंडांच्या मागे भरवशाचे कोष्टक नव्हते. विधवांची संख्या जसजशी वाढली तसतशी कंपनी कर्जात रुतत गेली. १७४५ साली देणी थांबली आणि १७४८ साली पार्लमेंटला साहाय्यास धावावे लागले.

वस्तुतः मोजणीची वाट तोवर खुली झाली होती. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या तपासून एक ग्रंथ लिहिला. पुढे १६९३ साली, ज्याच्या नावाचा धूमकेतू सर्वांस परिचित आहे त्या एडमंड हॅले याने ब्रेस्लाव शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक कोष्टक सिद्ध केले. एक वर्षाची हजार बालके घेतली तर विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या वर्षी ४४५ आणि साठाव्या वर्षी २४२ जण हयात असतात, असे ते कोष्टक सांगते. अमुक मनुष्य केव्हा जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु हजारांपैकी किती जातील, हे पुष्कळ अंशी सांगता येते. विमागणिताचा पाया तो हाच.

या पायावर पहिली भक्कम इमारत उभारली ती स्कॉटलंडमधील दोन धर्मोपदेशकांनी. अलेक्झांडर वेब्स्टर आणि रॉबर्ट वॉलेस अशी त्यांची नावे. त्यांच्या चर्चमधील उपदेशकांचे वेतन बेताचे असे व त्यांच्या पश्चात कुटुंबाची दैना होई. दोघांनी प्रांतोप्रांतीच्या धर्मसभांकडून माहिती मागविली. सुमारे ९३० उपदेशक एका वेळी हयात असतात. त्यांपैकी सरासरी २७ दरसाल निधन पावतात. त्यांतील १८ जणांच्या मागे विधवा राहतात, असे आढळले. एडिंबरो विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांच्याकडून त्यांनी आकडेमोड तपासून घेतली आणि १७४४ साली कायद्याने निधी स्थापन झाला. उपदेशकाने आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणीची पायरी निवडावी आणि तदनुसार विधवेस दहा ते पंचवीस पौंड वर्षासन मिळावे, अशी व्यवस्था होती. शिल्लक रक्कम खर्चून न टाकता व्याजी लावली जाई. १७६५ साली गंगाजळी ५८,३४८ पौंड होईल, असे भाकीत केलेले होते. प्रत्यक्षात भरली ५८,३४७. इतक्या वर्षांच्या हिशेबात अंतर पडले ते केवळ एका पौंडाचे!

पुढे १७६२ साली लंडनमध्ये इक्विटेबल सोसायटी निघाली आणि तिच्याच दप्तरी 'ॲक्च्युअरी' ही पदवी प्रथम आली. १८४८ साली या गणितज्ञांची संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. मात्र कोष्टक एकदा केले म्हणजे कार्य संपले, असे नव्हे. इंग्लंडच्या सरकारने १८०८ पासून नॉर्दॅम्प्टनच्या जुन्या कोष्टकावरून वर्षासने विकली. लोक त्या कोष्टकाहून अधिक जगू लागल्याने खजिन्यास मोठी तूट आली. जॉन फिन्लेसन याने नवी मोजणी करून ती चूक उघडकीस आणली. म्हणूनच या व्यवसायात संशोधन अखंड चालू असते.

आपल्या देशात १८७० साली बाँबे म्युच्युअल आणि १८७४ साली ओरिएंटल या विमासंस्था मुंबईत निघाल्या. भारतीय माणसाचे आयुर्मान परदेशी कोष्टकांवरून मापणे सयुक्तिक नव्हते. म्हणून ओरिएंटलच्या १९२५ ते १९३५ या काळातील अनुभवावरून भारतीय विमेदारांचे स्वतंत्र कोष्टक तयार झाले. १९४४ साली भारतातील ॲक्च्युअरींची संस्था स्थापन झाली. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. आणि २००६ च्या कायद्याने या व्यवसायास वैधानिक इन्स्टिट्यूट लाभली. तिच्या परीक्षा कठीण असून त्यांस कित्येक वर्षे लागतात. आता संगणक आकडेमोड करतो. परंतु कोणते गृहीत धरावे आणि कोणते धरू नये, याचा विवेक माणसासच करावा लागतो.

आपल्या ज्ञातीत गणितात गती असणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. बहुतेकांची दृष्टी अभियांत्रिकीच्या पलीकडे जात नाही. त्यांच्या पालकांनी या व्यवसायाकडेही पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. त्याचप्रमाणे चालक मंडळींस आमची विनंती अशी की, निधीची वर्गणी ठरविण्यापूर्वी सभासदांची वये, गेल्या वीस वर्षांतील निधने आणि मागे राहिलेली कुटुंबे यांची नोंदवही करावी व ती जाणकाराकडून तपासून घ्यावी. स्कॉटलंडमधील त्या दोघांनी आरंभ येथूनच केला होता. ज्या भगिनीस आपण दरमहा साहाय्याचा शब्द देतो, तिला तो दहाव्या वर्षीही पाळलेला दिसला पाहिजे. असा निधी आपल्या संस्थेत नांदो, एवढी इच्छा व्यक्त करून लेखणी आवरतो.