भयकथा, मराठी : कुमारवाचक आणि ग्रंथालये

भयानक रस प्रधान असलेले कथावाङ्मय. केवळ कुमारांसाठी लिहिलेली भयकादंबरी मराठीत फारशी आढळत नाही. या वयाच्या वाचकाने ती ग्रंथालयातील प्रौढांच्या कपाटातूनच मिळविली. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस ही मंडळी मात्र मौखिक परंपरेने त्याच्या आधीच परिचयाची होती. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी या भयाला आधुनिक कथेचे रूप दिले. दुष्ट शक्तींशी झुंजणारा त्यांचा ‘समर्थ’ वाचकाला धीर देतो. तेथे भीती वाढत जाते, पण तिला अंत असतो. त्यांची लुचाई ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या सालेम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे. उसनवारीचा आक्षेप रास्तच. तथापि इंग्रजी न वाचणाऱ्या मुलांना ही वाट त्यामुळेच खुली झाली.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गूढकथा निराळी. तीत भय बहुधा माणसाच्या मनातच दडलेले असते आणि शेवटी दिलासा मिळेलच असे नाही. अलबत्या गलबत्या या बालनाट्यातील चेटकीण निर्माण करणारे लेखकही हेच. म्हणून ग्रंथपालाने १२-१३ वर्षांच्या वाचकास प्रथम समर्थकथा द्याव्यात, मतकरी दोन-तीन वर्षांनी. दोघांनाही कुलपात ठेवल्यास मुले ती चोरून, क्रमाविना वाचतात.

तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती. चित्रपट केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झाला. धारपांची पुस्तके मात्र कोणत्याही वयाच्या सभासदास मिळू शकतात.