गजांआडचा वाघ, उसातला बिबट्या

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर उतरून सारसबागेकडे चालत निघाले की थोड्याच वेळात पेशवे उद्यान लागते. पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये येथे प्राणिसंग्रहालय सुरू केले. पुढे अनेक वर्षे शाळांच्या सहलींचा हा ठरलेला मुक्काम होता. फुलराणीत बसायचे, वाघ-सिंह पाहायचे आणि पिंजऱ्यासमोर उभे राहून फोटो काढायचा. १९९९ मध्ये कात्रजला नवे प्राणिसंग्रहालय झाले आणि २००५ पर्यंत येथले प्राणी तिकडे गेले. फोटो मात्र जुन्या घरांतल्या अल्बमांमध्ये राहिले. त्यांतल्या बहुतेकांत वाघापेक्षा गजच ठळक दिसतात.

असे का होते, हा नववी-दहावीच्या प्रकाशाच्या पाठाला जोडून घेण्याजोगा प्रश्न आहे. भिंगाचे छिद्र पुरेसे मोठे, समजा अडीच सेंटीमीटरचे असेल आणि एक सेंटीमीटर जाडीचा गज भिंगाच्या अगदी जवळ असेल, तर वाघाकडून येणारा बराचसा प्रकाश गजाला वळसा घालून छिद्रात शिरतो. रोख वाघावर असल्याने गज इतका पुसट होतो की चित्रात त्याचा मागमूसही राहत नाही. चित्र जरा फिकट येते, एवढेच. सहलीला नेल्या जाणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचे छिद्र लहान असे, आणि कठड्यामुळे पिंजऱ्याजवळ जाताही येत नसे. त्यामुळे गज आणि वाघ दोन्ही स्पष्ट यायचे. तेव्हा याची हळहळ वाटे. आम्हांला आता वाटते की तोच फोटो जास्त प्रामाणिक होता. गज पुसून टाकलेला वाघ पाहणाऱ्याला जंगलातला वाटतो, आणि तो तसा नाही हे सांगायला चित्रात काहीच उरत नाही.

पांढऱ्या वाघाचे उदाहरण घ्या. कॅलेंडरांवर आणि पाठ्यपुस्तकांच्या वेष्टनांवर तो इतक्यांदा दिसतो की ही वाघाची वेगळी जात आहे असे पुष्कळ मुलांना वाटते. वास्तविक तो एका जनुकातला बदल आहे. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या पांढऱ्या बछड्याचा पुढे त्याच्याच मुलीशी संकर करण्यात आला, आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले पांढरे वाघ मुख्यतः त्याच वंशावळीतले आहेत. जवळच्या नात्यातल्या संकराचे दोष आणि पांढऱ्या वाघांत वारंवार आढळणारा तिरळेपणा देखण्या फोटोत सहज लपून जातात.

प्राणी बंदिस्त ठेवून त्याचे चित्र करण्याची रीत मात्र या परिसराला नवी नाही. पेशव्यांचा शिकारखाना जवळच, पर्वतीच्या पायथ्याशी होता. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये तेथला गेंडा चितारला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. समोरचा प्राणी तास न् तास पाहून चित्र काढणे बंदिस्त जनावराबाबतच शक्य होते. पुढे कॅमेरा आला तरी पहिली काही दशके हीच अडचण राहिली, कारण काचेला प्रकाश टिपायला वेळ लागे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याचा फोटो १८५२ चा आहे. रानातल्या वाघाचा नीट फोटो मिळायला त्यानंतर सत्तर वर्षे जावी लागली.

तो काढला एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या संयुक्त प्रांतातल्या वनाधिकाऱ्याने. खरे म्हणजे वाघानेच काढला. जनावराच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवायची. तारेला पाय लागला की मॅग्नेशियमची भुकटी पेटून उजेड पडे आणि त्याच क्षणी कॅमेरा चाले. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी अशा तऱ्हेने रात्री हरणांचे फोटो घेतले होते; ते १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. चॅम्पियनचा वाघ १९२५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापला गेला. मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढण्याचा तो काळ होता, हे विसरू नये. रात्रभर खपून एकच फोटो मिळे, पण तो पाहताना चॅम्पियनच्या ध्यानात आले की पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून ओळखता येतो.

या निरीक्षणाचा पुरा उपयोग व्हायला आणखी सात दशके लागली. आपल्याकडे वाघ मोजत ते पंज्याच्या ठशांवरून. ठसा वाळूत एक आणि चिखलात दुसराच उमटतो. शिवाय पाहणाऱ्याची नजर प्रत्येकाची निराळी. के. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून मोजणीची पद्धत बसवली. तिचा शोधनिबंध १९९५ मध्ये आला. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. गणित वर्गात करून दाखवण्याइतके सोपे आहे. पहिल्या फेरीत १० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत ८ मिळाले आणि त्यांतले ४ ओळखीचे निघाले. म्हणजे पहिल्या फेरीत निम्मे वाघ सापडले होते, म्हणून एकूण सुमारे २०.

सरकारी मोजणीत वाघ दाखवले जात असतानाच २००५ मध्ये राजस्थानातल्या सारिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर ठशांची पद्धत मागे पडली. २०१८-१९ च्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकीच्यांत गवत, गुरे आणि माणसे बरीच.

आमच्या भागाला मात्र वाघापेक्षा बिबट्याचे फोटो महत्त्वाचे ठरले. जुन्नरकडे या शतकाच्या सुरुवातीला उसात दिसलेले बिबटे पकडून दूर जंगलात सोडत. ते वाट चुकून आलेले पाहुणे आहेत, असे गृहीत धरले होते. सोडण्याचे प्रमाण वाढले तसे माणसांवरचे हल्लेही वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात पांदीवर आणि बांधांवर कॅमेरे लावले. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचनाही प्रत्येकाची वेगळी असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, भोवती जंगल नसलेल्या त्या दाट वस्तीच्या शेतमुलखात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. ते पाहुणे नव्हते, तिथलेच रहिवासी होते. गावकऱ्यांना त्यांतले फारसे दिसतही नव्हते.

पुण्यातल्या शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. पेशवे उद्यानातले जुने फोटो घरून आणायला सांगावेत, मागे वर्ष लिहिलेले असेल तर उत्तमच. डाव्या कुशीचे एकीकडे, उजव्या कुशीचे दुसरीकडे लावावेत. मग गजांच्या मधून दिसतील तेवढे पट्टे जुळवत, त्या फोटोंत मिळून वाघ किती होते ते मुलांनाच मोजू द्यावे.