अकलूजच्या बाजाराला निघण्यापूर्वी : जनावरांच्या वाहतुकीचे नियम

अकलूज : दिवाळीच्या सुमारास येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचा घोडेबाजार भरतो, तेव्हा पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन ऊसतोड मजुरांचे बैलही या भागात दाखल होतात. दूरवरची जनावरे एकाच वेळी जवळ येत असल्याने रोगप्रतिबंधाच्या नियमांना येथे विशेष महत्त्व आहे.

घोड्यांच्या बाबतीत मुख्य धास्ती ग्लँडर्सची. हा जिवाणूजन्य रोग नाकातील स्रावातून व सामाईक हौदातील पाण्यातून पसरतो आणि माणसालाही होतो. त्यावर लस नाही. वरकरणी धडधाकट दिसणारा घोडाही बाधित असू शकतो. त्यामुळे अनुभवी व्यापाऱ्याची पारखही येथे अपुरी पडते. रक्तचाचणी हाच उपाय. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाचे निदान होते. रोग निश्चित झाल्यास घोड्याला दयामरण द्यावे लागते. मालकाची सारी पुंजी त्यात जाते, हे लक्षात घेता चाल आणि रंग पाहण्याआधी चाचणीचा अहवाल मागणे श्रेयस्कर.

प्रवासासाठी १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक आहे. जनावर प्रवासास योग्य असून त्याला संसर्गजन्य रोग नाही, असे त्यात नमूद असावे लागते. दाखला नसल्यास वाहतूकदाराने जनावर स्वीकारू नये, असे नियम सांगतो.

गाई-बैलांच्या मालकांना २०२२ ची लम्पी साथ आठवत असेल. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या या रोगामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्ण राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ घोषित झाले. जनावरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने आणि वाहतूक यांवर बंदी आली. हा अधिकार शासनाला प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने मिळतो. जून २०२४ पासून राज्यात कानातील बारा अंकी बिल्ल्याविना गुरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. बिल्ल्यावरील क्रमांकाने जनावराच्या लसीकरणाची नोंद पाहता येते.

आजाराचा संशय आल्यास ते जनावर वेगळे बांधून ग्रामपंचायतीस वा पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे मालकावर बंधनकारक आहे. २००९ च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची मर्यादा अवघी एक हजार रुपये ठेवण्यात आली होती. लाखांत बोली लागणाऱ्या घोड्यांच्या बाजारात या रकमेचा धाक कितपत वाटणार!