तोंडी किंमत आणि ग्राहकाचा हक्क : मोटारविक्रीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटारीच्या दालनात तोंडी ठरलेली किंमत वाहन ताब्यात घेताना वाढलेली आढळते आणि ‘लेखी कुठे आहे?’ असा प्रश्न ग्राहकालाच विचारला जातो. तोंडी शब्दाला कायद्यात स्थान नाही, हा समज सर्वत्र रूढ आहे. या समजाची ऐतिहासिक तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्याने दहा पौंड व त्यापुढील मालविक्रीस लेखी नोंद, बयाणा किंवा मालाचा स्वीकार यांपैकी एकाची अट घातली. ती १९५४ पर्यंत टिकली. भारतात १८७२ च्या करार कायद्याने अशी अट ठेवली नाही आणि १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ५ ने तोंडी करार स्पष्टपणे मान्य केला. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणाऱ्या समाजाला हे नवे नव्हते.

खरी अडचण १८७२ च्याच पुरावा कायद्यात होती. करार एकदा कागदावर उतरला की कलम ९२ नुसार त्यातील अटींविरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः चालत नसे. ग्राहक ज्या छापील मागणीपत्रावर न वाचता सही करतो, त्यात ‘ताबा देण्याच्या दिवशीची किंमत लागू’ असे बारीक अक्षरांत असते. मोटारींच्या टंचाईच्या काळात नोंदणीनंतर कित्येक वर्षे थांबावे लागे, किमतींवर सरकारी नियंत्रणही होते. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा त्यासंबंधीचा वाद १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. त्या परिस्थितीत ही अट समजण्याजोगी होती. परंतु दालनात उभी असलेली गाडी आठवडाभरात मिळत असताना तीच अट पुढे करणे प्रस्तुत लेखिकेस समर्थनीय वाटत नाही.

अर्थात कलम ९२ लाही अपवाद होता : फसवणूक तोंडी पुराव्याने सिद्ध करता येते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. याहून महत्त्वाचा बदल १९८४ मध्ये झाला. मक्तेदारी नियंत्रण कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना आली आणि किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणारे विधान, मग ते तोंडी असो वा लेखी, तिच्या कक्षेत आले. हीच व्याख्या पुढे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वीकारली. त्यामुळे ग्राहक आयोगापुढील वाद बहुधा शब्दाच्या वैधतेवर नव्हे, तर दरपत्रक, बयाण्याची पावती, विक्री प्रतिनिधीचा मोबाइलवरील संदेश अशा पुराव्यावर अडतो. २०१९ च्या कायद्याने या व्याख्येत ‘इलेक्ट्रॉनिक नोंदी’चाही समावेश केला आहे.