एका दारावर दोन दरवान

संगणकाच्या फायरवॉलला काही जण 'अग्निभिंत' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. भिंत कुणालाच आत सोडत नाही. हिचं काम माणूस पाहून सोडण्याचं. त्यासाठी आपल्याकडे फारसीतून आलेला जुना शब्द आहे, दरवान. आज पुष्कळ घरांत असे दोन दरवान असतात. एक राउटरमध्ये बसलेला, दुसरा अँटिव्हायरसबरोबर संगणकात आलेला.

राउटर मुळात या कामाचा नव्हे. इंटरनेटचे पत्ते अपुरे पडणार असं दिसू लागलं, तेव्हा एकाच पत्त्यावर अनेक संगणक चालवण्याची 'नॅट' ही युक्ती १९९४ मध्ये मांडली गेली. तिच्यामुळे न बोलावता आलेला पाहुणा आत कुणाकडे न्यायचा हेच राउटरला कळत नाही आणि तो उंबऱ्याबाहेरच राहतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाची कीड पसरली, तेव्हा राउटरमागचे बरेच संगणक त्यामुळेच बचावले. पुढल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची स्वतःची फायरवॉलही आपोआप सुरू राहील असं केलं.

आता २००८ ची हकिकत ऐका. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी डीएनएस नावाची व्यवस्था असते. तिच्यातलं एक मोठं भगदाड अमेरिकेतल्या डॅन कामिन्स्की यांना सापडलं. प्रत्येक प्रश्नावर ६५,५३६ पैकी एक क्रमांक असे. तो अंदाजाने जुळवून खोटं उत्तर घुसडता येत होतं. उपाय असा ठरला की प्रश्न दर वेळी वेगळ्या दाराने, म्हणजे वेगळ्या पोर्टमधून पाठवायचा. एरवी एकमेकींच्या स्पर्धेत असणाऱ्या कंपन्यांनी ८ जुलै २००८ ला एकाच दिवशी ही दुरुस्ती बाहेर काढली. गुपित तोवर पाळलं गेलं, याचंच मला अधिक नवल वाटतं.

आणि झोनअलार्म वापरणाऱ्या कित्येकांचं इंटरनेट बंद पडलं! दुरुस्तीनंतरची बदललेली वाहतूक या दरवानाने अडवली होती. राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा घरगुती काढा इथे लागू पडणार नव्हता. झोनअलार्मची पातळी 'हाय'वरून 'मीडियम'वर आणली की काम व्हायचं. काहींनी मात्र चक्क ती दुरुस्तीच काढून टाकली. म्हणजे इंटरनेट आलं, पण भगदाडासकट. काही दिवसांतच झोनअलार्मची सुधारित आवृत्ती आली.

राउटरची करणी याहून वाईट. नॅट करताना काही राउटर ते वेगवेगळे पोर्ट बदलून पुन्हा ओळीने क्रमवार लावत. सारी मेहनत मातीत, आणि तक्रार कसलीच नाही. बोंब मारणारा बिघाड परवडला.

पुढे राउटरनेच अँटिव्हायरसचं काम घेतलं. राउटर धोकादायक साइट अडवून तिच्या जागी स्वतःचं पान दाखवू पाहतो, तेव्हा संगणकातला अँटिव्हायरस त्या पानाचं प्रमाणपत्र खोटं म्हणून ओरडू शकतो. अशा वेळी एका बाजूचं फक्त वेब-संरक्षण थोडा वेळ थांबवून पाहावं, मग ते सुरू करून दुसऱ्या बाजूचं. दोन्ही एकदम बंद केली तर दोषी कोण ते कळत नाही. मे २०२३ मध्ये तर असुस कंपनीच्या सुरक्षा-यंत्रणेतल्या एका सदोष फाइलने राउटरच अडकून पडले. तेव्हा राउटर बंद करून पुन्हा सुरू करा, हा सल्ला खुद्द कंपनीनेच दिला होता.