कृष्णेचा श्वास

सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी किती फुटांवर आलें, हें पावसाळ्यांत शाळकरी पोरगाहि सांगतो. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका; १९२९ सालीं खुला झालेल्या या पुलानें २०१९ च्या ऑगस्टमध्यें ५७ फुटांचा महापूरहि पाहिला. नदी किती वाढली, हें असें तासातासाला कळतें. ती निर्मळ आहे कीं नाहीं, हें मात्र फार काळ डोळ्यांनीं व नाकानेंच ओळखावें लागे.

पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची रीत विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञानें १८८८ सालींच दिली होती. पण ती कुपींतली रीत. सेंद्रिय मळ किती, हें पाहण्यास तर आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस नमुना राखून ठेवावा लागतो. तोंवर तें पाणी केव्हांच पुढें वाहून गेलेलें असतें! १९५६ सालीं लेलंड क्लार्क यानें रक्तांतील प्राणवायु मोजण्यासाठीं पातळ पडद्यानें झांकलेला विद्युदग्र प्रसिद्ध केला. पडद्यांतून जितका प्राणवायु आंत शिरेल, तितका वीजप्रवाह वाहतो. रोग्याच्या शुश्रूषेसाठीं योजिलेली ही युक्ति नद्यांच्या कामीं आली व अखंड नोंद शक्य झाली.

कृष्णाकांठीं तिची निकड कां, हें उघड आहे. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी कऱ्हाडास कोयनेला भेटते, आणि तेथून सांगलीपर्यंत दोहों कांठीं ऊंसच ऊंस. साखरेच्या व मद्यार्काच्या कारखान्यांची मळी नदींत शिरली, कीं ती खाणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु संपवितात, मासे गुदमरतात. उन्हाळ्यांत प्रवाह क्षीण असतांना तर हें कांहीं तासांतच घडूं शकतें.

महाराष्ट्रानें १९६९ सालीं व केंद्रानें १९७४ सालीं जलप्रदूषणाचे कायदे केले. पुढें फेब्रुवारी २०१४ मध्यें केंद्रीय मंडळानें साखर व मद्यार्क धरून सतरा प्रकारच्या उद्योगांस सांडपाण्याच्या मुखाशीं स्वयंचलित मापक बसविण्याची आज्ञा केली. पाऊल योग्यच होतें. परंतु मापक कारखान्याचा, त्याची निगाहि कारखान्याकडे. आणि चोरवाटेनें सोडलेलें पाणी त्या मुखापाशीं येतच नाहीं. २०२३ च्या मार्चमध्यें सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच तरंगला, तेव्हां नदी बिघडल्याची पहिली वार्ता लोकांस त्या माशांनींच दिली.

प्रत्यक्ष नदींत ठेवलेल्या मापकाचीहि निगा थोडी नसते. त्याच्या पडद्यावर शेवाळ व गाळ सांचतो, आणि आंकडा हळूहळू खोटा बोलूं लागतो. म्हणून तो वरचेवर पुसावा लागतो, आणि त्याचा खरेखोटेपणा ताडून पाहण्यास आजहि विंक्लरची कुपीच घेतात.