नावावरून ठिकाणाकडे

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी ह्या गावी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण त्या वेळी गाजत होते. निजामी अमदानीच्या कागदपत्रांत मराठवाड्यातील ज्या घराण्यांची नोंद कुणबी अशी झाली असेल ती नोंद शोधून काढावी, हे समितीचे मुख्य काम. मागणी योग्य की अयोग्य, हा निराळा वाद आहे आणि त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. परंतु त्या निमित्ताने एक जुनाच प्रश्न घरोघर नव्याने उभा राहिला. कागद आहे असे सर्वजण म्हणतात. पण तो आहे कोठे? पणजोबांचे नाव ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे. एवढ्या भांडवलावर कोणत्या शहरातील कोणत्या कचेरीच्या कोणत्या कपाटापाशी जाऊन उभे राहावयाचे?

नावावरून वस्तूच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्याची ही विद्या आहे. संगणकशास्त्रज्ञ आज ज्या खटाटोपात गुंतलेले असतात, तो मुळात हाच. पडद्यावर एखादा पत्ता लिहिला की त्याच्या पलीकडची फाइल समोर यावी, ह्यासाठी पडद्यामागे जी यातायात चालते तिचे सारे पेच जालन्यासारख्या जिल्ह्याच्या इतिहासात आधीच येऊन गेले आहेत.

परतूर तालुक्यातील एखाद्या खेड्याचेच उदाहरण घ्यावे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत ते हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते, जिल्हा परभणी. त्यानंतर ते भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी ते खेडे महाराष्ट्रात दाखल झाले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबादकडून आले, परतूर मात्र परभणीकडून आला. गाव जागचे तसूभरही हलले नाही. पण त्याचा पत्ता चार वेळा बदलला. त्या गावाचा १९०० सालचा कागद जालन्याच्या नावाखाली शोधणारा मनुष्य रित्या हाताने परत येतो, ह्यात नवल नाही. कागद तयार झाला तेव्हा जालना जिल्हाच नव्हता. शोध परभणीकडे वळवावा लागतो आणि प्रसंगी हैदराबादेपर्यंत न्यावा लागतो. शिंदे समितीचाही शोध हैदराबादपर्यंत गेला तो ह्याच कारणाने.

त्यातून कालगणना वेगळी. निजामी दफ्तर फसली सनात चाले. वर्षाचा आरंभ आजुर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरात होई. फसली १३०० म्हणजे इसवी १८९०-९१. फसली सनात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन हाती येतो, आणि तोही बहुधा दोन वर्षांच्या सांध्यावर. लिपीची अडचण निराळीच. गावपातळीवरचे पुष्कळ कागद मोडीत, वरिष्ठ कचेऱ्यांतले उर्दूत, आणि त्याहून जुने असतील तर फारसीत. अर्थात एकाच माणसाचे नाव तीन लिप्यांत तीन रूपे घेऊन बसलेले असते.

नावांचा गोंधळ खेड्यांनी पूर्वीपासून आपल्या परीने सोडवलेला आहे. जांब नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये ज्या जांबेत झाला, ते आज घनसावंगी तालुक्यात असून त्याला 'जांब समर्थ' म्हणतात. पिंपळगावे तर मोजावयास नकोत. म्हणून भोकरदन तालुक्यातले एक झाले 'पिंपळगाव रेणुकाई'. अंतरवाली सराटीतील 'सराटी' हे शेपूटही ह्याच जातीचे. दोन वस्तूंना एकच नाव पडले की त्यांना वेगवेगळ्या घरात बसवावयाचे, ही युक्ती. संगणकाच्या एका कप्प्यात एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. दोन कप्प्यांत मात्र सुखाने नांदतात.

पत्ता सांगण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. 'मारुतीच्या देवळामागे, लिंबाच्या झाडाला लागून' असा पत्ता ऐकणारा त्याच गावात उभा असेल तर उत्तम. दुसऱ्या गावात तोच पत्ता त्याला भलत्याच मारुतीमागे नेऊन सोडील. संगणकाचे जाणकार ह्यास सापेक्ष मार्ग म्हणतात. 'येथून एक पायरी वर, मग चित्रांच्या कप्प्यात' असे प्रोग्राममध्ये लिहिलेले असते. परंतु 'येथून' म्हणजे कोठून, हे प्रोग्राम कोठून सुरू केला त्यावर ठरते. करणाऱ्याच्या टेबलावर बिनचूक चालणारा प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जाताच फाइल सापडत नाही म्हणून हटून बसतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालाबाहेरून पाहणाऱ्याला एकच गाठोडे दिसते. आतील एखादे पत्र हवे असेल तर आधी रुमाल काढावयाचा, गाठ सोडावयाची आणि मग आतला कागद हुडकावयाचा. जावा ह्या प्रोग्रामिंग भाषेत अगदी हाच प्रकार आहे. प्रोग्राम लिहिला जात असता त्याच्या फाइली डिस्कवर सुट्या असतात. तो वाटपासाठी निघाला की त्या सर्व एका गाठोड्यात बांधल्या जातात. त्या गाठोड्यास 'जार' म्हणतात. आता प्रोग्रामने आतली फाइल डिस्ककडे मागितली तर डिस्क म्हणते, अशी फाइलच येथे नाही. आहे ते एक गाठोडे. म्हणून पत्ता दोन भागांत लिहावा लागतो. आधी गाठोड्याचा, मग एक उद्गारचिन्ह, आणि त्यापुढे आतल्या कागदाचा. नवशिके ह्या उद्गारचिन्हापाशी हटकून ठेचकाळतात. त्यांनी एखादा रुमाल सोडून पाहिला असता तर बरे झाले असते!

पत्त्याच्या इतिहासात मराठी माणसाचे एक काम विशेष मोलाचे आहे. निजामाच्या राज्यात १८६९ पासून स्वतःची तिकिटे असलेली टपालव्यवस्था होती. ती १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाली. देशाचे टपाल एक झाले, पण देशभरातील सारख्या नावांची गावे आणि पाकिटावरच्या नाना लिप्या ह्यांनी पत्रे वाट चुकत. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी त्यावर सहा आकड्यांचा पिनकोड योजला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या वाटणीच्या जिल्ह्याचे, उरलेले तीन त्यातील कचेरीचे. जालना शहराचा क्रमांक ४३१२०३, अंबडचा ४३१२०४. पाकिटावरचा मजकूर कोणत्याही लिपीत असो, आकडे वाचता आले की पुरे.

ह्या योजनेचे खरे मर्म मात्र पुढे काळाने उघड केले. १९८१ मध्ये जालना औरंगाबादेतून वेगळा झाला. आकडा बदलला नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले; ४३१ तसाच राहिला. क्रमांकात कोणाचेही नाव गुंफलेले नव्हते, म्हणून नाव बदलल्याने त्याचे काही बिघडले नाही.

संगणकांना हे शहाणपण थोड्या कष्टाने आले. अमेरिकेत संगणकांचे पहिले जाळे पसरू लागले तेव्हा कोणत्या नावाचा यंत्रक्रमांक कोणता, ह्याची एकच यादी असे. ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर ह्यांच्या हाताखालील मंडळी सांभाळीत. नवा संगणक जोडावयाचा तर त्यांना कचेरीच्या वेळात कळवावे लागे, आणि नवी यादी ज्याने त्याने उतरवून घ्यावी लागे. जाळे वाढले तशी ही यादी पुरी पडेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी त्याऐवजी अधिकारांची उतरंड सुचविली. 'जालना डॉट गव्ह डॉट इन' हे नाव विचारले की मुळाशी असलेला सर्व्हर म्हणतो, 'इन'चे काय ते भारताच्या सर्व्हरला विचारा. तो 'गव्ह'कडे बोट दाखवितो. आणि अखेरीस 'जालना'चा यंत्रक्रमांक हाती पडतो. नाव असे शेवटाकडून आरंभाकडे वाचले जाते. आपल्या पाकिटावरही प्रथम व्यक्ती, मग गाव, तालुका, जिल्हा. आणि टपालवाला वाचतो ते खालून वर.

यंत्र सापडले तरी त्यातील कागद उरतोच. स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी हे दोन्ही एका ओळीत आणले. त्या ओळीस यूआरएल हे नाव मिळून तिचे नियम १९९४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. आरंभी कोणत्या रीतीने आणावयाचे ते, मग यंत्राचे नाव, आणि त्यापुढे तिरप्या रेषांनी तोडलेली कागदाची वाट. ह्या ओळीत एक विचित्रपणा राहून गेला आहे. यंत्राचे नाव लहानाकडून मोठ्याकडे जाते आणि पुढची वाट मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे अर्धा पत्ता उलटा व अर्धा सुलटा. आरंभीच्या दोन तिरप्या रेषांची तर काही गरजच नव्हती, असे बर्नर्स-ली ह्यांनीच पुढे २००९ मध्ये बोलून दाखविले. तोपर्यंत त्या साऱ्या जगाच्या बोटांत बसल्या होत्या.

ह्याच गृहस्थांनी १९९८ मध्ये एक छोटा निबंध लिहून पत्ते बदलू नका असे कळकळीने विनविले. पत्त्यात लेखकाचे नाव घालू नका, विषयाची वर्गवारी घालू नका, फाइलीची जात दाखविणारे शेपूट घालू नका. कारण ही प्रत्येक गोष्ट उद्या बदलणार आहे. त्यांचे फार थोड्यांनी ऐकले. खुद्द जालना जिल्ह्याचे संकेतस्थळ आधी 'एनआयसी डॉट इन' ह्या घराण्यात होते, ते पुढे 'गव्ह डॉट इन'मध्ये गेले. अशा स्थलांतराच्या वेळी जुन्या दारावर पाटी लावून ठेवण्याची सोय आहे. ३०१ ह्या क्रमांकाचे उत्तर म्हणजे 'कायमचे स्थलांतर, नवा पत्ता अमुक'. ४१० म्हणजे 'कायमचे नाहीसे'. आणि सर्वांच्या परिचयाचे ४०४ म्हणजे नुसतेच 'सापडत नाही'. टपालवाला परत आणलेल्या पाकिटावर जे तीन शेरे मारील तेच हे. पाटी लावणे फुकट असते. तरीही ४०४ च सर्वांत अधिक वेळा भेटते, ह्याचे कारण यंत्रविद्येत नसून कचेऱ्यांच्या सवयीत आहे.

जमिनीच्या बाबतीत मात्र पाटी लावण्याची जुनी चाल आहे. १९४७ च्या मुंबई कायद्याने तुकडेजोड आली आणि पुढे ज्या गावी ती अंमलात आली तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर पडले. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर, असा पेच पडला की दोहोंचा मेळ दाखविणारा तक्ता काढावा लागतो. तो एक तक्ता गहाळ झाला तर खरेदीखत खरे, सातबारा खरा, आणि दोहोंमधली वाट मात्र बुजलेली, अशी स्थिती होते. आज महाराष्ट्राचा सातबारा घरबसल्या पाहता येतो. जिल्हा, तालुका, गाव, गट ह्या क्रमाने निवडीत गेले की उतारा समोर येतो. हीही एक वाटच.

जुन्या नोंदींच्या छायाप्रती काढून त्या संगणकावर ठेवण्याचे काम आता चालते. त्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. छायाप्रत ही केवळ चित्र असते. कॅमेऱ्याने दिलेल्या अनुक्रमांकाने ती साठवली तर त्या फाइलीच्या नावावरून गाव कळत नाही, सन कळत नाही, घराणे तर नाहीच नाही. मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्या माणसाने ते पान पाहून गाव, फसली सन आणि नाव सूचीत उतरवीपर्यंत कपाटातला कागद फक्त दुसऱ्या कपाटात गेलेला असतो. काम खर्चाचे आहे ते येथे. छायाप्रत काढणे त्यामानाने स्वस्त.

आणि सूची मराठीत करावयाची तर आणखी एक खाचखळगा आहे. यूआरएलच्या नियमांनी फक्त रोमन अक्षरे, आकडे व थोडी चिन्हे मान्य केली. म्हणून वाटेत आलेले देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत मोडून लिहावे लागते. 'जालना' ह्या शब्दात काना धरून पाच चिन्हे, त्यांची पंचेचाळीस होतात. २०१४ मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी नाव यंत्रांसाठी खुले झाले, तरी आतल्या यादीत ते एक्सएन अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन वेषातच वावरते. हे सारे यंत्र बिनबोभाट करते. पण जालन्याच्या शेजारच्या 'वऱ्हाड' ह्या शब्दातील 'ऱ' संगणकात दोन रीतींनी साठविता येतो. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून. दुसरी, साधा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. एका कारकुनाने पहिल्या रीतीने फाइलीला नाव दिले आणि दुसऱ्या यंत्रावरून दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने ते मागितले, तर दोन्ही रूपे आधी एकाच साच्यात बसवून घेण्याची दक्षता ज्या प्रोग्रामने घेतलेली नाही, तो शांतपणे सांगतो की वऱ्हाड नावाची फाइल येथे नाही.